वॉर्डातल्या सिस्टरना वेगवेगळ्या समाजाचे पेशंट सांभाळायला कसं शिकवायचं

पहिलं काम म्हणजे ती स्लाइड डिलीट करा. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असतेच ती, डावीकडे धर्म आणि उजवीकडे काळजीचे मुद्दे, मुस्लिम म्हणजे हलाल आणि नमाज, जैन म्हणजे कांदा-बटाटा नाही, शीख म्हणजे केसांना हात नाही, आदिवासी म्हणजे अंधश्रद्धा, झालं. सगळ्या सिस्टर मोबाईलवर तिचा फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी केस पेपरवर शाह आडनाव दिसलं की कोणी काही न विचारता डाएटमधून बटाटा गायब होतो, आणि ते शाहकाका तर रोज स्टेशनवर वडापाव खाणारे, ते मुलाला विचारतात अरे मला काय झालंय नेमकं, बटाटापण बंद केला. त्याच वेळी शेजारच्या बेडवरच्या जोशी आजी सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत कारण त्यांच्या गुरूंनी तसं सांगितलंय, पण आडनाव जोशी, म्हणून त्यांना कोणी विचारतच नाही.

तर हे सगळं इनचार्ज सिस्टर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, मेट्रन अशा लोकांसाठी लिहितेय ज्यांना आपल्या वॉर्डच्या मुलींना (आणि ब्रदर्सना) हे शिकवायचंय. माझ्या डोळ्यांसमोर महाराष्ट्रातलं हॉस्पिटल आहे, जिल्ह्याचं किंवा ट्रस्टचं, जिथे एकाच वॉर्डात मेळघाटचा, मालेगावचा, बिहारहून बांधकामावर आलेला आणि डोंबिवलीचा असे सगळे पेशंट असतात आणि ड्युटीवर एक सिस्टर कोट्टयमची, एक लातूरची.

थिअरीला दहा मिनिटं पुरे. मॅडलिन लायनिंगर या अमेरिकन नर्सने १९५० च्या दशकात हा विषय मांडायला सुरुवात केली, ट्रान्सकल्चरल नर्सिंग म्हणतात त्याला, जीएनएम आणि बीएस्सी या नर्सिंगच्या कोर्सना नाव ऐकलेलं असतं. दुसरं नाव मात्र मुलींना माहीत नसतं, इरिहापेती रॅम्सडेन, न्यूझीलंडची माओरी नर्स. तिचं म्हणणं असं की नर्सला पेशंटच्या संस्कृतीबद्दल किती माहिती आहे हा मुद्दा नाहीच, पेशंटला तिच्या हाताखाली सुरक्षित वाटतंय का हा मुद्दा, आणि ते ठरवणार पेशंट. मला विचाराल तर सगळं ट्रेनिंग या एका वाक्यावर उभं करता येतं. म्हणजे सिस्टरला ज्ञानकोश बनवायचं नाही, तिला विचारायची सवय लावायची.

सुरुवात पेशंटपासून करू नका

पहिल्या सेशनला कागद वाटा आणि सांगा, तुमच्या घरी बाळंतिणीला पहिल्या दहा दिवसांत काय खायला देतात, काय देत नाहीत, काय करू देत नाहीत ते लिहा, नाव टाकू नका. मग कागद मिसळून मोठ्याने वाचा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, कान बांधून बसणं, शेक-शेगडी हे येतं. केरळच्या सिस्टरच्या कागदावर तेल लावून औषधी पानं उकळलेल्या पाण्याची आंघोळ आणि लेह्यं येतं, कोणाच्या कागदावर हरीरा येतो. एकीकडे थंड पाणी बिलकुल नाही, दुसरीकडे पाणीच कमी प्यायचं, तिसरीकडे भरपूर प्यायचं. पाच मिनिटांत हसाहशी सुरू होते की अगं हे असं कसं, आणि तेवढ्यात विचारा की मग यातलं बरोबर कोणतं आणि अंधश्रद्धा कोणती. सगळ्या गप्प होतात कारण प्रत्येकीला स्वतःचं ते शास्त्र वाटत असतं आणि दुसरीचं ते खूळ.

मग नाईट ड्युटीचं काढा. "आज वॉर्ड शांत आहे" असं रात्री अकराला कोणी बोललं की बाकीच्या कशा अंगावर धावून येतात, बोलू नको, आता अ‍ॅडमिशन येणार म्हणून. सायन्स शिकलेल्या, दहा-दहा वर्षं आयसीयू केलेल्या बायका. हे एकदा मान्य झालं की पेशंटच्या दंडावरच्या ताईताकडे बघायची नजर आपोआप बदलते, त्यासाठी वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

पाच प्रश्न, आणि ते तोंडात बसेपर्यंत

आर्थर क्लाइनमन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात काही प्रश्न सुचवले होते, पेशंटला स्वतःच्या आजाराबद्दल काय वाटतं ते काढून घेणारे. त्यांचं इंग्रजी छापील रूप वॉर्डात कोणी विचारणार नाही, म्हणून आपल्या बोलीत हे पाच करून ठेवा: तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल? इथे यायच्या आधी घरी किंवा बाहेर काय काय करून बघितलं? यातलं सगळ्यात जास्त टेन्शन कशाचं आहे? तुमच्या तब्येतीचं कोणाशी बोललेलं चालेल, आणि कोणाला सांगायचं नाही? खाणंपिणं, उपवास, पूजा, नमाज, अंगावरचं काही, असं काही आम्ही सांभाळायला हवंय का?

अ‍ॅडमिशनच्या वेळी सलग विचारायची गरज नाही, दोन बीपी घेताना, दोन आयव्ही लावताना, एक रात्री. "एकटी सिस्टर आणि चाळीस पेशंट, हे कधी करायचं" हा प्रश्न येणारच आणि तो खराच आहे, त्यावर "वेळ काढा" म्हणू नका, चिडतात, आणि बरोबरच चिडतात. एवढंच सांगा की दुसरा प्रश्न, आधी काय काय करून बघितलं तो, कुठल्याही कारणाने वगळायचा नाही. बाकीचे उद्या विचारले तर चालतं, पण भगताने पाजलेलं जडीबुटीचं औषध उद्या कळून उपयोग नसतो.

आता हे प्रश्न वाचून येत नाहीत, रोल प्ले करावा लागतो आणि त्यात पेशंट सिस्टरने व्हायचं नाही, वॉर्डच्या मावशींना बोलवा. मावशी भन्नाट करतात. केस अशी द्या: धारणीकडचं कोरकू आदिवासी कुटुंब, वीस दिवसांचं बाळ, पोट फुगलेलं, आणि पोटावर चटक्यांच्या खुणा. मेळघाटात याला डंभा म्हणतात, पोटफुगीवर उपाय म्हणून तापलेल्या विळ्याने किंवा सळईने तान्ह्या बाळाच्या पोटावर डाग देतात. मावशी आजी झाल्यात, मांडीवर बाहुली.

पहिली सिस्टर येते, कपडा वर करते आणि म्हणते, "हे काय केलं? काही वाटतं का नाही जिवाला?" मावशी पदर तोंडाला लावतात आणि त्यानंतर कशालाच उत्तर नाही, डोकं फक्त हलवतात. सेशन थांबवा आणि बाकीच्यांना विचारा, आता आपल्याला काय काय कळायचं राहिलं. चटके कधी दिले, वर काय लावलं, काही पाजलं का, बाळ दूध किती वेळापासून ओढत नाही, सगळंच राहिलं.

दुसरी सिस्टर. आधी बसते, बाळाच्या डोक्यावरून हात फिरवते. "आजी, पोट कधीपासून फुगलंय?" तीन दिवस. "मग घरी काय काय केलंत त्याच्यासाठी?" भूमकाकडे (गावच्या भगताकडे) नेलं, त्याने डाग दिले. "कधी, काल का परवा? त्यावर काही लावलं? प्यायला काही दिलं?" मावशी एकेक सांगत जातात. मग सिस्टर म्हणते, "तुम्ही बाळासाठी धावपळ केलीत, कळतंय मला. पण या चटक्यातून जंतू आत जातात आणि एवढ्याशा बाळाला ते झेपत नाही, जीव जाऊ शकतो. पुढच्या वेळी पोट फुगलं की त्याच दिवशी इकडे किंवा आशाताईकडे, डाग नाही." आवाज चढला नाही, पण काही गुळमुळीतही सांगितलं नाही. आणि ती लगेच एमओला (ड्युटीवरच्या मेडिकल ऑफिसरला) कळवते आणि केस पेपरवर जखमांची नोंद करते, हे रोल प्लेमध्येच करून घ्या, नाहीतर मुलींना वाटतं गोड बोललं की झालं.

इथेच तो प्रश्न येतो की मग संस्कृतीच्या नावाखाली सगळंच चालवून घ्यायचं का. नाही. ज्याने इजा होते तिथे स्पष्ट बोलायचं. तान्ह्याला मध चाटवणं घ्या, हे तर पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरातही चालतं, एक वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो, तिथे नाहीच म्हणायचं. पहिला चीक पिळून टाकणं, तिथेही नाही. साप चावल्यावर मांत्रिकाकडे अडवून ठेवणं आणि दवाखान्यात जाऊ न देणं हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. (साप चावलेल्याच्या पायाला घट्ट दोरी बांधून आणलेली असते ती सिस्टरने घाईघाईत सोडू नये, डॉक्टर शेजारी असताना आणि तयारी ठेवूनच सोडायची, हे या निमित्ताने परत सांगून टाका.) पण कपाळाचा अंगारा, उशाखालचा चाकू, बाळाच्या मनगटातली काळी मणी, दाराशी लिंबू, याने कोणाचं काय बिघडतंय? मणी सुटून बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढं बघा आणि सोडून द्या. अर्धी भांडणं या असल्या बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर होतात आणि मग महत्त्वाचं सांगायला गेलं की ऐकून घ्यायला समोर कोणी उरत नाही.

उपवास: यावर एक अख्खं सेशन घ्या

कारण इथे खरोखर जीव जाऊ शकतो. सकाळी साडेसातला इन्सुलिन दिलं, आठला नाश्ता आला आणि काकू म्हणतात, सिस्टर आज अंगारकी आहे, चंद्र उगवल्याशिवाय मी काही खात नाही. "आधी सांगायचं ना" म्हणून ओरडून उपयोग काय, इन्सुलिन तर गेलं. म्हणून सुई टोचायच्या आधी एक वाक्य, "आज नेहमीसारखं खाणार ना?", हे सगळ्यांना घोकून घ्यायला लावा, औषध देताना तपासायच्या पाच राइट्सच्या (पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ) जोडीला सहावा समजा.

उपवास करू नका असं फर्मान काढलं तर लोक लपून करतात, डबा परत जात नाही, शेजारच्याला देतात, आणि चार्टवर आपण लिहितो जेवण व्यवस्थित. त्यापेक्षा आदल्या दिवशी कळलं तर डॉक्टर डोस बदलू शकतात. आणि उपवास-उपवासात फरक आहे, एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस असतो म्हणजे शुगर खाली जायच्या ऐवजी वरच जाईल, हरतालिका बऱ्याच जणी निर्जळी करतात, छठ करणाऱ्या बिहारच्या बायका जवळजवळ ३६ तास पाणीही घेत नाहीत, चौविहार पाळणारा जैन पेशंट सूर्यास्तानंतर काही घेत नाही म्हणजे तुमची रात्री नऊची गोळी तो उशीखाली ठेवणार. ती गोळी संध्याकाळी सहाला देता येईल का एवढं डॉक्टरला विचारलं की प्रश्न सुटतो, बहुतेक वेळा येते देता.

रमजानचं थोडं सविस्तर. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही, पण सूट आहे म्हणून लोक घेतातच असं नाही आणि "तुमच्याच धर्मात सूट आहे ना" हे हिंदू सिस्टरने सांगितलेलं कोणाला आवडेल? पेशंटच्या घरातल्या मोठ्या माणसाला किंवा त्यांच्या मौलानांना फोन लावून द्यावा, ते सांगतात. आणि ज्याला रोजा ठेवायचाच आहे त्याच्याशी आधी ठरवून ठेवायचं की शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, वाद घालायचा नाही. बोटाला टोचून शुगर तपासल्याने रोजा मोडत नाही, रमजान आणि डायबेटीसच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण पेशंटना माहीत नसतं म्हणून ते तपासूच देत नाहीत. सहरी-इफ्तारच्या वेळा डाएटच्या काउंटरला महिनाभर चिकटवून ठेवा, किचनवाल्यांना कोणी सांगतच नाही.

औषध कशापासून बनलंय हेही कधीकधी विचारतात. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन बहुतेक डुकराच्या आतड्यापासून बनतं, कॅप्सूलचं वरचं कवच साधारण जिलेटिनचं म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं. विचारलं तर खोटं बोलायचं नाही आणि "औषधाला काय जात असते" असं उडवूनही लावायचं नाही. डॉक्टरला सांगा, पर्याय कधी असतो कधी नसतो, नसेल तर का नाही ते डॉक्टरने सांगावं आणि निर्णय पेशंटने घ्यावा.

दुखणं आणि भाषा

शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, हा प्रश्न शाळेत न गेलेल्या माणसाला विचारून बघा, तो तुमच्याकडे बघत राहतो किंवा तुम्हाला बरं वाटावं म्हणून पाच म्हणतो. गावाकडची म्हातारी माणसं अजून आण्यात बोलतात, "कालच्यापेक्षा आठ आणे फरक हाय", "रुपयात चार आणे ऱ्हायलंय". मग त्यांना तसंच विचारा ना, सोळा आण्यात किती दुखतंय, बारा आणे म्हणाले की साडेसात लिहा चार्टवर. तरुण परप्रांतीयाला आणे नाही कळणार, त्याला चेहऱ्यांचं कार्ड दाखवा.

कोण किती ओरडतं यावरून दुखणं मोजायची सवय मोडणं सगळ्यात अवघड. काहींकडे मोठ्याने रडणं चालतं, काहींकडे बाई दात आवळून बाळंत होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट याचं वाईट उदाहरण, नंदुरबार, गडचिरोली, विदर्भाकडून येतात, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया समाजात हा आजार जास्त, क्रायसिस आला की हाडं फुटल्यासारख्या वेदना, पण मोबाईल बघत पडलेला मुलगा दिसला की "नाटक करतो, इंजेक्शन पाहिजे त्याला" असं हॅन्डओव्हरमध्येच सांगितलं जातं आणि पुढच्या शिफ्टची सिस्टर ते मनात घेऊनच बेडपाशी जाते. तो मुलगा दर काही महिन्यांनी हे भोगतो, ओरडायचं सोडून दिलंय त्याने. हे वाक्य हॅन्डओव्हरमध्ये बंद करा, अगदी नियम म्हणून.

भाषेचं साधं काम आजच करा, ड्युटी रूममध्ये एक कागद लावा, कोणाला कोणती भाषा येते, त्यात मावशी, मामा, सिक्युरिटी, लॅबवाला सगळे घ्या. पावरी बोलणारा वॉर्डबॉय तुमच्याकडे असतो आणि तुम्हाला माहीतच नसतं. पेशंटच्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुभाषी करू नका, आईच्या गर्भाशयाचं मुलाने समजावायचं? एचआयव्ही, गर्भपात, मारहाण असल्या गोष्टींत नवरा किंवा सासूसुद्धा दुभाषी नको. अठरा वर्षांवरच्या बाईच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची सही हवी म्हणून तिला परत पाठवणाऱ्या सिस्टर अजून आहेत. दुभाषी म्हणून जो येईल त्याला बाहेर न बोलण्याची तंबी. आणि सांगून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, मला सांगून दाखवा" असं विचारा.

अगंतुगं, आडनाव आणि बांगड्या

ए बाई, सरळ झोप. हे वाक्य कुठल्या पेशंटला म्हटलं जातं आणि कुठल्या पेशंटला "मॅडम, जरा सरळ होता का", हे एक दिवस नुसतं ऐका. चप्पल, साडी आणि भाषा बघून ठरतं. आजी, काकू, ताई, दादा, चाचा काय असेल ते, पण अहोजाहो सगळ्यांना, लेबर रूममध्ये तर जास्तच, तिथे बायकांना जे ऐकवलं जातं ते लिहायलाही नको वाटतं. लेबर रूम सुधारण्याचा केंद्राचा लक्ष्य कार्यक्रम २०१७ मध्ये आला, त्यात सन्मानाने बाळंतपण हा मुद्दा लिहिलेलाच आहे, त्यामुळे वरिष्ठांना सांगताना त्याचा आधार घ्या.

आणि आडनावाचं. "आडनाव काय? मग मूळ गाव? म्हणजे तुम्ही नेमके कोण?" ही चौकशी कशासाठी असते ते विचारणारीलाही माहीत असतं आणि पेशंटलाही. काळजी घ्यायला जात लागत नाही, भाषा, खाणं आणि घरचं कोण आहे ते लागतं. ट्रेनिंगमध्ये धर्मावर सगळ्या बोलतात, जातीवर आला विषय की चहाची वेळ होते. तुम्ही रेटा.

ओटीला नेताना अंगावरचं काढणं हेही शिकवायला लागतं. नव्या नवरीचा हिरवा चुडा कटरने कापायला घेतला की घरचे का बिथरतात हे मराठी सिस्टरला सांगायला नको पण बाहेरून आलेल्या मुलीला कोण सांगणार? साबण किंवा तेल लावून उतरवा, वेळ असतो. कॉटरी (विजेवर चालणारं कापायचं, रक्त थांबवायचं यंत्र) वापरणार असतील तर धातू अंगावर नको कारण भाजू शकतं, हे कारण सांगितलं की लोक ऐकतात, नुसतं "रूल आहे" म्हटलं की अडून बसतात. मंगळसूत्र काढल्यावर गळ्यात साधा दोरा बांधू द्या, ताईत कागदात गुंडाळून उशाशी, शीख पेशंटचं कडं आणि केस याबद्दल आधी त्यांना विचारून आणि भूलतज्ज्ञांना विचारून. बाकी सगळं नातेवाईकाच्या हातात सही घेऊन. मिल्क बँकेचं दूध बाळाला द्यायचं असेल तर मुस्लिम कुटुंबाला आधी सांगा, एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं त्यांच्यात भावंडं मानतात, पुढे लग्नाचा प्रश्न येतो त्यामुळे ते विचार करायला वेळ मागतात.

मृत्यूचं सेशन सिनिअर सिस्टरने घ्यावं, नवीन मुलीने नको. शक्य असेल तर आधीच विचारून ठेवा, शेवटच्या वेळी काय करायचंय. ओठाला गंगाजलाचा ओला बोळा, चेहरा पश्चिमेकडे, फादरना बोलावणं, बुद्धवंदना, अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना दोन मिनिटं आणि एक पडदा लागतो. मेडिकोलीगल म्हणजे पोलिसांकडे जाणारी केस असेल तर पोस्टमॉर्टेम होणार हे पहिल्या तासातच सांगा, मुस्लिम कुटुंबाला दफन लवकर करायचं असतं आणि पोस्टमॉर्टेमचं त्यांना शेवटी कळलं की वॉर्डात दंगा होतो.

ट्रेनिंग टिकवायचं कसं

एक दिवसाचा सेमिनार, बुके, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, हे करून काही होत नाही. आठवड्यातून एकदा दुपारच्या शिफ्ट बदलताना पाऊण तास, दोन्ही शिफ्ट हजर असतात तेव्हा, दीड-दोन महिने. हॅन्डओव्हरच्या वहीत प्रत्येक पेशंटपुढे एक जास्तीची ओळ छापून घ्या, "काय सांभाळायचं", मग तिथे "चौविहार", "फक्त भोजपुरी, लॅबचा रमेश बोलतो", "नवऱ्याला रिपोर्ट सांगायचा नाही" असं येऊ लागतं. सुरुवातीला सगळ्या "काही नाही" लिहितील, हरकत नाही, तुम्ही राउंडला जाऊन पेशंटलाच विचारा आणि सिस्टरसमोर ती ओळ भरा.

गडचिरोलीत बंग दांपत्याच्या सर्च संस्थेचं हॉस्पिटल बघितलं असेल तर आठवेल, आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटते म्हणून गावातल्या झोपड्यांसारखं बांधलं आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी, त्यांच्या देवीचं. आपल्या हातात इमारत नसते पण गेटवरचा गार्ड, केस पेपरची खिडकी आणि बिलिंग असतं, पेशंटचा पहिला अपमान तिथेच होतो, म्हणून त्या लोकांनाही किमान एका सेशनला बसवा, येणार नाहीत, एमएसची (मेडिकल सुपरिंटेंडंटची) सही घेऊन बसवा.

आणि उपयोग होतोय का ते बघायला फीडबॅक फॉर्म नकोत, त्यात सगळे "उत्तम" लिहितात. महिन्याचे डामा (डॉक्टरांचा सल्ला न मानता घेतलेले डिस्चार्ज) आणि पळून गेलेले काढा. न सांगता किंवा सही करून निघून गेलेले पेशंट, कारणाच्या रकान्यात नेहमी "स्वेच्छेने" किंवा "आर्थिक" लिहिलेलं असतं. त्यातले चार-पाच निवडा, आशाताईमार्फत किंवा फोनवर प्रेमाने विचारा की का गेलात. पुरुष डॉक्टर तपासणार होते म्हणून, रक्त का काढताय कोणी सांगितलं नाही म्हणून, घरी बैल एकटे होते म्हणून, देवाचा दिवस होता म्हणून. कारणं वहीत लिहा आणि पुढच्या आठवड्याचा रोल प्ले त्यातल्याच एका केसवर घ्या, मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा म्हणजे त्या तयारी करून येतात.